मोबाइलवरून फोटो थेट वेबसाइटवर: कॉम्प्युटर न उघडता

आमच्या पक्षीनिरीक्षण गटाची एक छोटी वेबसाइट आहे. दुसरं कुणी पुढे आलं नाही म्हणून ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला मी फोटो केबलने लॅपटॉपवर घ्यायचो, तिथे लहान करायचो आणि मग साइटवर टाकायचो. रविवारच्या फेरीचे फोटो दिसायला गुरुवार उजाडायचा. आता झाडाखाली उभ्या उभ्या, पाच मिनिटांत काम होतं. पण इथवर येईपर्यंत मी माणसं आडवी झोपलेले फोटो टाकलेत, एकच फोटो चार वेळा टाकलाय आणि एकदा तर एका घरट्याचा पत्ता जगजाहीर केलाय. त्यामुळे पुढचं जरा सावकाश वाचा.

आपण ‘फोटो टाकला’ म्हणतो, पण साइटवर जाते ती फाइल. डोळ्यांना दिसतं ते चित्र. फाइलमध्ये त्याशिवाय तिचं वजन, तिचं नाव, फोटो कुठे काढला त्याची नोंद, फोन उभा धरला होता की आडवा याची नोंद, असं बरंच काही असतं. घोटाळे होतात ते बहुतेक या न दिसणाऱ्या भागात.

मी उदाहरणं वर्डप्रेसची (साइट बनवायची आणि चालवायची एक प्रणाली) देतोय, कारण आमची साइट त्यावर आहे. तुमची दुसऱ्या कशावर असेल तर बटणांची नावं बदलतील, अडचणी मात्र याच येतील.

हाताशी काय हवं

- साइटचं लॉगिन, आणि त्या लॉगिनला फोटो टाकायचा अधिकार. वर्डप्रेसमध्ये ‘काँट्रिब्युटर’ला लेख लिहिता येतो, पण फाइल अपलोड करता येत नाही. त्यासाठी किमान ‘ऑथर’ लागतो. आमच्या एका सदस्याने फोटोचं बटण दिसत नाही म्हणून ॲप तीनदा काढून परत टाकलं होतं. बिचाऱ्याला अधिकारच दिलेला नव्हता, आणि तो द्यायचं काम माझं होतं.
- फोनमधला अद्ययावत ब्राउझर. वर्डप्रेसचं ॲप असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.
- फोटो लहान करायचं एखादं साधन. त्याबद्दल पुढे.
- फोटोत माणसं असतील तर त्यांची परवानगी. मुलं असतील तर त्यांच्या पालकांची. हे आधी विचारायचं असतं. टाकल्यावर विचारलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

१. आधी वाट ठरवा

फोनमधून साइटवर जायच्या मुख्य वाटा तीन: ब्राउझर, ॲप आणि ईमेल.

ब्राउझरची वाट सगळ्यात भरवशाची. फोनमधल्या क्रोम किंवा सफारीत साइटचं लॉगिनचं पान उघडायचं, मीडिया किंवा नवीन लेख उघडायचा आणि फाइल निवडायचं बटण दाबायचं. फोन स्वतःच विचारतो: आत्ता फोटो काढायचा, की गॅलरीतून घ्यायचा? नवख्या माणसाने ‘आत्ता काढा’ निवडू नये. तसा काढलेला फोटो कधी कधी गॅलरीत राहतच नाही, आणि अपलोड मध्येच फसलं की फोटोही गेला. आधी कॅमेऱ्याने काढा, मग गॅलरीतून निवडा.

ॲप रोजच्या वापराला सोयीचं. गॅलरीत फोटो उघडून ‘शेअर’ दाबायचं, यादीतून ॲप निवडायचं की झालं. तुमची साइट स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे तुम्ही भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर (साइटच्या फाइली ठेवलेल्या कॉम्प्युटरवर) असेल आणि ॲप पासवर्ड मागत असेल, तर मुख्य पासवर्ड देऊ नका. वर्डप्रेसमध्ये ५.६ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ची सोय आहे. आपल्या प्रोफाइलच्या पानावर तळाशी जाऊन प्रत्येक फोनसाठी वेगळा पासवर्ड तयार करता येतो. फोन हरवला की तेवढाच रद्द करायचा. बाकी सगळं चालू राहतं.

ईमेलची वाट जुनी आहे आणि अजून चालते. गूगलच्या ब्लॉगर या सेवेत ही सोय आहे, वर्डप्रेसमध्ये जेटपॅक नावाच्या प्लगिनमधून (साइटला वरून जोडायच्या भागातून) मिळते. साइट तुम्हाला एक गुप्त पत्ता देते आणि त्या पत्त्यावर पाठवलेल्या मेलचा विषय शीर्षक होतो, जोडलेला फोटो लेखात येतो. नेटवर्क अगदीच मरगळलेलं असेल तर ही वाट कामाची, कारण मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि रेंज आली की आपोआप जातो. दोन धोके आहेत. तो पत्ता ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या साइटवर काहीही छापू शकतो. आणि तुमच्या मेलखाली आपोआप येणारी सही, म्हणजे नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, लेखाच्या खाली दिमाखात छापली जाऊ शकते. हा मार्ग सुरू करण्यापूर्वी सही काढून टाका.

तसं पाहिलं तर मोबाइल फोटोचा जन्मच या वाटेवर झालाय. ११ जून १९९७ रोजी संगणक-उद्योजक फिलिप कान यांनी प्रसूतिगृहात बसून डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडले आणि आपल्या नवजात मुलीचा फोटो ओळखीच्या लोकांपर्यंत पोचवला. तारा जोडायची कटकट आपल्याला नाही, एवढाच फरक.

एकच वाट निवडा आणि महिनाभर तीच वापरा. आज ॲप, उद्या ब्राउझर असं केलं की काय बिघडलं ते कळत नाही.

२. फोनच्या दोन सेटिंग्ज, एकदाच

पहिली सेटिंग फाइलच्या प्रकाराची. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण बऱ्याच साइट ही फाइल घेत नाहीत किंवा घेतात आणि दाखवत नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स असं जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतात. आधीचे मात्र तसेच राहतात. गंमत अशी की तोच फोटो ‘फोटोज’मधून निवडला तर ब्राउझर बहुधा त्याचा जेपीजी करून पाठवतो, आणि ‘फाइल्स’मधून निवडला तर एचईआयसीच जातो. म्हणूनच ‘काल गेला, आज जात नाही’ अशा तक्रारी येतात. वर्डप्रेस ६.७ पासून (नोव्हेंबर २०२४) एचईआयसीचा जेपीजी आपोआप होतो, पण सर्व्हरला ते जमत असेल तरच. काही अँड्रॉइड फोनमध्येही कमी जागेत फोटो साठवायचा पर्याय असतो. तो चालू असेल तर बंद करा.

दुसरी सेटिंग जागेची, आणि घरट्याची गोष्ट इथलीच.

फोनचा कॅमेरा लोकेशन वापरत असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. फाइलमधल्या अशा नोंदींना एक्झिफ म्हणतात. मोकळ्या आकाशाखाली जागेची नोंद काही मीटरपर्यंत अचूक असते. मी एका घरट्याचा फोटो टाकला. मजकुरात जागेचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण घरट्याची जागा सांगायची नाही हा आमच्या गटाचा पहिला नियम. दोन तासांनी एका ज्येष्ठ सदस्याचा फोन आला, ‘तू जागा लपवलीस खरी, पण तुझ्या फोटोने सांगितली की.’ त्यांनी साइटवरून फोटो उतरवून घेतला होता, गॅलरीत उघडून माहितीचं बटण दाबलं होतं आणि नकाशावर टाचणी दिसली होती, थेट त्या झाडावर. मी घाईघाईने फोटो लेखातून काढला. तो खरंच निघाला का, हे शेवटच्या पायरीत सांगतो.

तुमचा फोटो घरट्याचा नसेल. घरातल्या खिडकीचा असेल, मुलांच्या खेळाच्या मैदानाचा असेल. टाचणी तशीच उमटते.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा असं जाऊन ‘नेव्हर’ करा. अँड्रॉइडवर कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा तशाच नावाचा पर्याय बंद करा. तुम्हाला स्वतःसाठी जागेची नोंद हवी असेल (मला हवी असते), तर ती चालू ठेवा आणि पाठवताना काढा: आयफोनवर शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ असतं, त्यात लोकेशन बंद करता येतं. काही फोन आणि ब्राउझर ही नोंद स्वतःहून पुसतात, काही पुसत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

३. फोटो हलका करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण ‘अपलोड होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल. फाइल ३ ते ५ एमबीची. वाचकाच्या पडद्यावर मात्र तो फोटो हजार-दीड हजार पिक्सेलपेक्षा रुंद क्वचितच दिसतो. साधी साइट असेल, लहान प्रती न बनवणारी, तर दहा फोटोंचं पान चाळीस एमबीचं होतं. तुमच्या वाचकाने ते मोबाइल डेटावर उघडलं की तो पुन्हा फिरकत नाही.

शिवाय सर्व्हरची स्वतःची मर्यादा असते. बहुतेक साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात आणि पीएचपीची मूळची मर्यादा एका फाइलला २ एमबी, एका खेपेला ८ एमबी एवढीच आहे. होस्टिंगवाले ती बहुधा वाढवून देतात, पण सगळेच नाही. वर्डप्रेसमध्ये मीडियाचं ‘नवीन जोडा’ पान उघडलंत तर तिथे तुमची मर्यादा लिहिलेली असते. आधी तो आकडा बघून घ्या.

‘वर्डप्रेस आपोआप लहान करतं ना?’ हो, करतं. ५.३ या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०१९) २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणला जातो, आणि त्याशिवाय ३००, ७६८, १०२४ अशा रुंदीच्या प्रती तयार होतात. पण हे सगळं होतं मोठी फाइल वर पोचल्यानंतर. तुमचा डेटा आणि वेळ खर्च व्हायचा तो होतोच. स्वस्तातला सर्व्हर असेल तर एवढ्या प्रती बनवताना तोच दमतो आणि ‘सर्व्हर व्यस्त आहे, लहान फोटो टाकून पाहा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देतो. हा संदेश आला की लोक नेटवर्कला शिव्या देतात. नेटवर्कचा काही दोष नसतो.

माझं प्रमाण असं: लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीजीची गुणवत्ता ८०च्या आसपास. फाइल साधारण २०० ते ५०० केबीची होते. पक्ष्याच्या पिसांवरची नक्षी दिसते आणि पान पटकन उघडतं. यासाठी मी स्क्वूश वापरतो. ती एक वेबसाइटच आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि फोटो तुमच्या फोनमध्येच लहान होतो, दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर जात नाही. मधली रेघ सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी पाहता येतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना फरक दिसेनासा होतो तिथे थांबायचं. एकावेळी एकच फोटो घेते हा तिचा तोटा. पंधरा-वीस फोटो असतील तर एकत्र आकार बदलणारं एखादं ॲप घ्या; मात्र ते फोटो स्वतःच्या सर्व्हरवर नेतं का, ते आधी वाचा.

दोन जुगाड सर्रास चालतात, दोन्हींबद्दल बोललं पाहिजे. पहिला, फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच टाकणे. फोटो लहान होतो, लोकेशनही जातं, पण वर घड्याळ आणि बॅटरीची पट्टी येते, आणि स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी असल्यामुळे वजन फारसं कमी होतच नाही. दुसरा, स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून तो फोटो उतरवून घेणे. हा त्यातल्या त्यात बरा: वजन उतरतं, लोकेशन पुसलं जातं. पण बारीक अक्षरं, फांद्या, पिसं यांचा चुरा होतो. घाईत एखाद्या सभेचा फोटो टाकायचा असेल तर चालवून घ्या. माहितीफलक किंवा कागदाचा फोटो असेल तर नको. आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. तेव्हा उपयोग शून्य.

४. आडवा फोटो सरळ करा

फोनमध्ये फोटो उभा दिसतो, साइटवर माणसं भिंतीला पाठ टेकून झोपलेली. कारण असं की कॅमेरा चित्र नेहमी आपल्याच दिशेने साठवतो आणि फाइलमध्ये चिठ्ठी लिहितो, ‘दाखवताना ९० अंश फिरव’. गॅलरी ती चिठ्ठी वाचते. एखादी जुनी साइट वाचत नाही. उपाय साधा आहे: फोनच्या एडिटरमध्ये फोटोची कडा जराशी कापा आणि नवी प्रत म्हणून साठवा. बहुतेक एडिटर तेव्हा चित्रच फिरवून लिहितात, चिठ्ठीची गरज उरत नाही. स्क्वूशमधून काढलेल्या फोटोलाही सहसा हा त्रास होत नाही. वर्डप्रेस ५.३ आणि पुढे असेल तर ही पायरी सोडून द्या.

५. फाइलला नाव द्या, पण मराठीत नको

मराठीचा अभिमान इथे बाजूला ठेवा. देवनागरी नावाची फाइल चालते, पण पत्त्यात प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, टक्केवारीची खूण आणि आकडे मिळून. ‘घरटे’ या नावात चार चिन्हं आहेत: घ, र, ट आणि मात्रा. त्याचा पत्ता झाला छत्तीस अक्षरांचा, आणि तो कुणाला पाठवला की समोरच्याला वाटतं व्हायरस आला. सर्व्हर बदलताना अशा फाइली हरवतातही. म्हणून नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ, मोकळी जागा नाही. कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवलं तरी साइट बंद पडत नाही, पण वर्षभराने मीडिया लायब्ररीत (साइटवरच्या सगळ्या फोटोंच्या यादीत) धनेश पक्षी शोधताना त्याची किंमत कळते. मराठी लिहायची ती शीर्षकात आणि वर्णनात. तिथे मनसोक्त लिहा.

६. आता अपलोड

फाइल निवडा, बटण दाबा आणि पडदा चालू ठेवा. फोन खिशात टाकला की पडदा बंद होतो, बॅटरी वाचवणारी सेटिंग जागी होते आणि अपलोड अर्ध्यात थांबतं. पट्टी हलत नाही म्हणून पुन्हा बटण दाबू नका. माझा चार वेळा गेलेला फोटो असाच गेला: चारही खेपा मागे रांगेत उभ्या होत्या, रेंज आल्यावर चारही पोचल्या. एकाच नावाची फाइल पुन्हा आली की वर्डप्रेस नावापुढे १, २, ३ लावत जातं, त्यावरून हा प्रकार ओळखता येतो.

बरेच फोटो एकदम टाकलेत तर क्रम बिघडू शकतो. क्रम महत्त्वाचा असेल तर तीन-चारच्या तुकड्यांनी टाका.

आत्ताच काढलेला फोटो निवडायच्या यादीत दिसतच नसेल तर घाबरू नका. ॲपने पहिल्यांदा परवानगी मागितली तेव्हा तुम्ही ‘निवडक फोटो’ म्हटलं असणार. आयफोनमध्ये आयओएस १४पासून आणि अँड्रॉइडमध्ये १४व्या आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि चांगली आहे, पण त्या ॲपला त्या दिवशी निवडलेलेच फोटो दिसत राहतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या परवानगीत नवे फोटो जोडा.

आणि एक जुनी चूक: गूगल फोटोज किंवा ड्राइव्हची शेअर लिंक चित्राचा पत्ता म्हणून लेखात चिकटवणे. ती लिंक चित्राची नसते, चित्र दाखवणाऱ्या पानाची असते. फोटो साइटवरच अपलोड करा.

७. पर्यायी मजकूर भरा

फोटो पोचला की ‘ऑल्ट टेक्स्ट’चा चौकोन दिसतो. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतं, आणि फोटो उघडला नाही तर इतरांनाही तेच दिसतं. ‘फोटो’, ‘छान क्षण’ असलं काही लिहू नका. ‘वाळक्या फांदीवर बसलेला धनेश, चोचीत वडाचं फळ’ असं, दिसतं ते लिहा. फोनवर टंकायचा कंटाळा येतो हे खरं. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललात तरी चालतं, फक्त नंतर एकदा वाचा. माझ्या धनेशाचा एकदा गणेश झाला होता.

८. परक्या नजरेने तपासा

तुमच्या फोनवर सगळं छानच दिसतं, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं आणि फोनने जुनं पान साठवून ठेवलेलं असतं. ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) विंडो उघडा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा आणि पान बघा. मग फोटोवर बोट दाबून धरा, तो उतरवून घ्या आणि गॅलरीत त्याची माहिती उघडा. नकाशा दिसला तर दुसऱ्या पायरीवर परत.

मूळ फोटो फोनमधून लगेच उडवू नका. साइटवर गेली ती लहान केलेली प्रत आहे.

९. फोटो साइटवरून काढून टाकायचा असेल तर

घरट्याचा फोटो मी लेखातून काढला आणि निश्चिंत झालो. रात्री त्याच ज्येष्ठ सदस्यांनी जुनी लिंक उघडून दाखवली, फोटो जागच्या जागी. लेखातून काढलं म्हणजे फक्त भिंतीवरची चौकट काढली. फाइल सर्व्हरवर तशीच असते आणि पत्ता माहीत असलेल्याला उघडते. वर्डप्रेसने मोठा फोटो लहान केला असेल तर मूळ मोठी फाइलही शेजारीच ठेवलेली असते. लहान फाइलच्या नावाशेवटी ‘स्केल्ड’ हा इंग्रजी शब्द असतो. पत्त्यातून तो शब्द आणि त्याआधीची रेघ खोडली की मूळ फाइल समोर येते.

तेव्हा मीडिया लायब्ररीत जा, फोटो उघडा आणि ‘कायमचा काढून टाका’ दाबा. त्याने मूळ फाइल आणि सगळ्या लहान प्रती एकदम जातात. साइटवर कॅशेचं (पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं) प्लगिन असेल तर त्याचा कॅशेही रिकामा करा. मग फोटोची जुनी लिंक खासगी विंडोत उघडा. पान सापडलं नाही असा संदेश यायला हवा. गूगलच्या चित्रांच्या शोधात छोटी प्रत काही दिवस रेंगाळू शकते, ती लवकर हटवायची विनंती करायला गूगलचंच कालबाह्य मजकुराचं साधन आहे. त्यात फोटोची लिंक द्यावी लागते, म्हणून काढण्यापूर्वी ती कुठेतरी उतरवून ठेवा. मी ठेवली नव्हती. ज्येष्ठांकडूनच मागून घ्यावी लागली.